दहाच्या नोटेशेजारचा फोटो

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर फोटोंचे रंग सुधारायचे. लग्नाच्या फोटोत प्रत्येकाला गोरं करून हवं असे. नवरीला उजळ करता करता शेजारचे भटजीही परदेशी दिसायला लागायचे. मी स्वतः सावळी. पण स्थळांना पाठवायच्या माझ्या फोटोला मी कधी हात लावला नाही.

"जरा उजळ कर की," आई म्हणायची. "दिसभर त्येच करतीस न्हवं? सोत्ताच्या तोंडासाठी एक बटण दाबाय काय हुतंय?"

मी हट्टाला पेटले होते. आहे तशी पसंत करणारा भेटला तर ठीक, नाहीतर राहू दे.

तरीही दोन स्थळं येऊन गेली आणि दोन्ही वेळा तेच झालं. पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले की समोरच्यांचं हसू ओसरायचं. दुसऱ्या वेळी मुलाच्या आत्यानं तर तोंडावरच सांगितलं, "फोटोत पोरगी उजळ हुती की ओ!" आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच चोरून काहीतरी केलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत गेले आणि तोच फोटो शेजारशेजारच्या कॉम्प्युटरवर उघडला. एकावर मी गोरीपान. दुसऱ्यावर निळसर, थंडीत काकडल्यासारखी. तिसऱ्यावर कावीळ झालेली. मी फोटो ईमेलनं पाठवत होते आणि पलीकडचा मॉनिटर मला वाटेल तसा रंगवत होता.

आता लोकांच्या घरी जाऊन त्यांचे मॉनिटर कोण जुळवणार? दोन्हीकडं अगदी सारखी असेल अशी एखादी वस्तू फोटोत हवी होती. फूल, साडी, कुंकू, सगळ्यांच्या छटा वेगळ्या. शेवटी पर्समधून कोरी दहाची नोट काढली. ती गालाजवळ धरून नवा फोटो काढून घेतला, मग फोटोतली नोट हातातल्या नोटेसारखीच दिसेपर्यंत स्टुडिओतला मॉनिटर जुळवला.

घरी आबा कडाडले, "लोकं म्हंतील, हुंडा दावाय लागलीया!"

"दहाचा?" मी म्हणाले. आई फिसकन हसली आणि मग हसल्याबद्दल माझ्यावरच चिडली.

पुढचं स्थळ पुण्यातल्या नोकरदार मुलाचं. त्याला ईमेलमध्ये लिहिलं, "खिशातली कोरी दहाची नोट मॉनिटरशेजारी धरा. फोटोतली नोट तशीच दिसेपर्यंत बटणं दाबत राहा. मग मला बघा." आता नकार आला असता तर दोष मॉनिटरला देता आला नसता.

उत्तर आलं, "नोट जुळली. रविवारी येतोय."

रविवारी ट्रे घेऊन बाहेर आले आणि मान वर करून सरळ बघितलं. त्याची आई हसत होती. ती हसतच राहिली. "ये बाळा, बस हितं," म्हणाली. मला फोटोशी ताडून कुणी बघितलं नाही. इतकं हलकं वाटलं की मी स्वतःही बशीभर पोहे खाल्ले.

पुढं पत्रिका जमली नाही आणि स्थळ मोडलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मुलगा मला आवडला होता. त्या संध्याकाळी आई जवळ येऊन बसली. माझा हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

"फुडच्या स्थळाला बी ह्योच फोटो धाड," ती म्हणाली. "आन् त्यात काय बी बदलू नगंस."