बंद कारंज्यापाशी

यवतमाळच्या आमच्या बागेतलं कारंजं इंग्रजांच्या काळात कापसाच्या एका व्यापाऱ्यानं बांधलं होतं. काळा दगड, चार सिंहमुखं, त्यातल्या एकाचा जबडा फुटलेला. गावात नळ आले त्या आनंदात बांधलं, असं वडील सांगत. मला त्याचं भारी वेड. रविवारी संध्याकाळी ते सुरू झालं की अख्खं गाव लोटायचं, आणि अंगावर तुषार घ्यायला मोठी माणसंसुद्धा लाजत नसत.

आमच्यासारख्या कचेरीत नोकरी करणाऱ्या घरांनी त्याला आणखी एक काम लावलं होतं. मुलगी पाहून झाली की दोघांना कारंज्यापाशी न्यायचं. वडीलधारी मंडळी बाकांवर बसत. पाण्याच्या आवाजात दोघांचं बोलणं त्यांना ऐकू जात नसे. माझ्या थोरल्या बहिणीनं तिथेच विचारलं होतं, लग्नानंतर पुढे शिकू द्याल ना? पाहायला आलेल्या मुलानं मान डोलावली. लग्न झाल्यावर म्हणाला, पाण्याच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नव्हतं. तिची पुस्तकं आमच्याच घरी राहिली. त्या माणसाचा मला फार राग यायचा.

महाराष्ट्र होऊन एखाद-दुसरं वर्ष झालं असेल, तेव्हा माझी पाळी आली. मी शाळेत शिकवत होते आणि नोकरी काही सोडणार नव्हते. मुलगा दारव्ह्याचा, बरोबर त्याची आई. बागेत पोचलो तर कारंजं बंद. उन्हाळा म्हणून पाणी तोडलेलं. माझ्या आईचा चेहराच पडला. बोलणं पुढच्या खेपेला करू, असं ती हळूच म्हणाली. मी तिचं ऐकलं नाही. आज बाकांवरच्या सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू जाणार होता, आणि मला बहीण आठवली.

"मी नोकरी सोडणार नाही. चालेल का तुम्हाला?" मी मुद्दाम खणखणीत आवाजात विचारलं.

तो गोंधळून आपल्या आईकडे पाहू लागला. ती बाकावरूनच म्हणाली, "माह्याकडं काहून पाहून राह्यला? तुले विचारलं तिनं."

तो "चालेल" असं पुटपुटला. मोठ्यानं सांगा, म्हटलं. मग त्यानं साऱ्या बागेला ऐकू जाईल असं सांगितलं आणि स्वतःच हसला. तिथेच तो मला आवडला.

संध्याकाळी बहिणीकडे जाऊन मी सगळं सांगितलं. कारंजं अजून बंदच आहे ना, एवढंच तिनं विचारलं. पुढच्या रविवारी नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना घेऊन ती बागेत फिरायला आली. कारंजं अजून कोरडंच होतं.