कोपीच्या बुडाचा कडबा

वसुधा मॅडमवर अन्याय झाला तो गेल्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, भर दुपारी, त्या आमच्या सास्तूरच्या रानात आंबील पीत बसल्या होत्या तेव्हा. यंदा दिवाळी सरली आणि त्या गेल्या, हृदयविकारानं. शोकसभेत सगळे बोलले. त्या दुपारचा विषय मात्र कुणी काढला नाही, म्हणून मी काढतो.

तालुक्याच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी. येळवशीला आम्ही रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, घालून पांडव पुजतो, जेवतो, आणि मग ती कोप तिथंच पावसात कुजत राहते. एका पावसाळ्यात मॅडमनी आमच्या कोपीच्या बुडाचा हिरवा पडलेला कडबा खरवडून पाकिटात भरला. आई हसायलाच लागली. "मॅडम, ताजा देऊ का? ह्यो तर म्हैसबी तोंडात धरंना."

"म्हैस खाईना ते ही बुरशी खाते, वहिनी. हिची लाळच पाहिजे मला."

लाळ म्हणजे विकर, कडब्यातलं सेल्युलोज तोडून त्याची साखर करणारं. तुराट्यांचा भुगा आणि सोयाबीनचं भुसकट ट्रेमध्ये पसरून त्यांनी ती बुरशी वाढवली. तिच्या अर्कात सकाळी गाळणकागदाची पट्टी सोडली की संध्याकाळी नुसते तंतू उरायचे. "बघ, कागद प्याली!" आमच्याकडं हेच भुसकट रानोरान पेटवतात. मी त्याविरुद्ध पत्रकं वाटत फिरायचो. मॅडम पत्रक उलटंपालटं करायच्या. "जाळू नका, जाळू नका... मग करायचं काय, ते कुठंय? मागची बाजू कोरी ठेव. मी भरून देते."

येळवस झाली की कॉलेजात तपासणी समिती येणार होती. येळवशीची सुट्टी साधून प्राचार्यांनी प्रयोगशाळा फिनाइलनं धुऊन काढली. फ्रिजमध्ये बुरशीचं बियाणं जपून ठेवलेल्या बाटल्यासुद्धा ओतून दिल्या. दुसऱ्या दिवशी प्राचार्य दारातच खूश. "मॅडम, ट्रेंना केवढी बुरशी लागली होती हो! सगळी साफ करून घेतली."

एक फोन करायला काय झालं होतं? मी भांडायला निघालो, तर मॅडमनी बाही धरली. "भांडून बुरशी येते का रे? चल, कोप दाखव." पण नवी घालताना वडिलांनी जुनी कोप चुलीला लावली होती...

मग त्या घरच्या कुकरमध्ये भुसकट उकडायला लागल्या. त्यांचे यजमान, आमचे काका, कुरकुरायचे, "भाताला तुराटीचा वास येतोय बाई." दुसऱ्या रानांतल्या बुरशा वाढल्या, पण पट्टी होती तशीच तरंगायची. दर वेळी त्या ट्यूब खिडकीशी धरायच्या, बघायच्या, आणि पुढचं पाकीट उघडायच्या.

परवा काकांकडं गेलो. कुकर ओट्यावरच आहे, आत भुसकटाची बाटली तशीच. काका त्यात भात लावत नाहीत. "उद्या लावते म्हणली होती," एवढंच बोलले.

माझ्या पत्रकाची मागची बाजू अजून कोरी आहे. तुम्ही येळवशीला नवी कोप घालाल, तेव्हा जुनी पेटवू नका. तिच्या बुडाचा कडबा, जितका हिरवा तितका बरा, कागदी पाकिटात भरा, वर गावाचं नाव लिहा आणि काकांच्या ओट्यावर आणून ठेवा.

धुऊन आणू नका.