बशीरभाईंचा चौथा प्रश्न

त्या सोमवारी सकाळी साडेआठ वाजले तरी केसपेपरची खिडकी बंद होती आणि ओळ पार फाटकाबाहेर गेली होती. माझ्या मुलांच्या वॉर्डात एकही नवा कागद आला नव्हता. मी तणतणत निघाले. "येऊ देत बशीरभाईंना, आज चांगली खरडपट्टी काढते," असं आयाबाईंना ऐकवूनच निघाले. खिडकीमागच्या खोलीत हेडक्लार्क एकटेच उभे होते, हातात किल्ली. म्हणाले, "सिस्टर, बशीरभाई पहाटे गेले. छातीत कळ आली, आणि..." यावर मी काय बोलले असेन? "मग खिडकी कोण उघडणार?" सांगायला लाज वाटते, पण तेच बोलले. याला आता दीड महिना झाला. स्वतःवरचा तो राग अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर बशीरभाईंवरचाही नाही. माणसानं असं काम अर्ध्यात टाकून जायचं असतं का?

सोलापूरच्या आमच्या मोठ्या दवाखान्यात मी मुलांच्या वॉर्डची सिस्टर, आणि बशीरभाई केसपेपर लिहिणारे कारकून. राहायला भवानी पेठेत. घरात दखनी, शेजारच्या विणकरांशी तेलुगू, अक्कलकोटकडच्या माणसांशी कानडी आणि माझ्याशी तिन्हींची भेसळ केलेलं मराठी. खिडकीचा मधला गज त्यांनी स्वतः करवतीनं कापून काढला होता. सरकारी खिडकी कापली म्हणून त्यांना मेमोही मिळाला. पण आईच्या कडेवरचं मूल त्यांना दिसायला हवं असायचं. मुंडी बाहेर काढून ते आधी मुलाचे डोळे बघायचे, मग दौतीत टाक बुडवायचे. नाव, वय, गाव. एवढे तीनच प्रश्न विचारायचा त्यांना पगार मिळत होता.

चौथा प्रश्न सुरू झाला बहात्तरच्या दुष्काळात. हगवणीनं सुकलेली लेकरं रोज येत होती, डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली. एका दुपारी सलाईन लावताना मी चिडून म्हटलं, "हे इथवर येतंच कशाला? पहिल्या दिवशी कुणी मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं असतं तर आईच्या मांडीवर खेळलं असतं!" बशीरभाई दारात कागद घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक केसपेपरच्या पाठीवर त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ येऊ लागली. 'आधी कुठं गेला होता?' आणि खाली उत्तर. दवाखान्याला कुलूप होतं. नर्सबाई दुसऱ्या गावाला गेल्या होत्या. औषध संपलं होतं. कुठंच नाही.

मग दर शनिवारी दुपारी आम्ही दोघं डबा खाऊन कागद चाळायला बसायचो. आठवड्यात भरती झालेल्या मुलांपैकी गावातच वेळेवर इलाज मिळाला असता तर कोण इथं आलंच नसतं, ते मी सांगायची आणि ते खूण करायचे. हगवणीचं, खूण. गोवरानंतर छाती भरलेलं, खूण. नाळ पिकून धनुर्वात झालेलं तान्हं, त्याला तर दोन खुणा. आईला एक सुई वेळेवर मिळाली असती तर! जन्मतः हृदयाला भोक असलेल्याला खूण नाही, त्याला कुणाचा इलाज नव्हता. वर्षभरात एक गोष्ट उघड दिसायला लागली. एका गावच्या खुणा सगळ्यांपेक्षा जास्त होत्या. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आजही भेटतात. तिथं एकच नर्सबाई, एक कंपौंडर, आणि त्यांच्या गळ्यात आसपासच्या सगळ्या वाड्यावस्त्या. दुसरी नर्स मिळाली तर निम्मी लेकरं इथवर यायचीच नाहीत, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

या खुणांचा हिशेब एका कागदावर मांडून वर पाठवायचा ठरला तेव्हा बशीरभाई म्हणाले, "सिस्टर, गावाचं नाव नक्को लिखो. नाव दिसलं की साहेब लोक गरज बघत नाहीत, गुन्हेगार शोधतात."

मी फणकारले. "नावाशिवाय नर्स कुठं पाठवतील, हवेत?"

नाव माझ्या हट्टानं गेलं. कागद जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांवरच्या साहेबांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवला, छाती पुढं काढून.

साहेबांनी काय करावं? नर्स पाठवायची सोडून त्या गावच्या कंपौंडरला बोलावून घेतलं आणि चांगलं झापलं. पुन्हा तुमच्या गावची लेकरं इथं दिसली तर बदली! त्यानंतर काय झालं म्हणता? दोन-तीन महिन्यांत त्या गावच्या खुणा जवळजवळ बंद. साहेब खूश. बैठकीत कंपौंडरचं कौतुक झालं. मीही पेढे मागितले बशीरभाईंकडं, आहात कुठं! ते हसले नाहीत. "अपने भवानी पेठेत एकदम इतकी लेकरं कशी आजारी पडायला लागली, सिस्टर?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला चांगलं बघवतच नाही."

आणि मग ती आली. कडेवर वर्षाचं मूल, मान टाकलेलं. गाव विचारल्यावर पाठ केल्यासारखी म्हणाली, "भवानी पेठ, पाव्हन्याकडं." बशीरभाईंनी मूल तिथूनच आत घेतलं, माझ्याकडं पाठवलं आणि तिच्यामागं स्वतः वॉर्डात आले. "भवानी पेठेत कुठल्या बोळात, बेटी? मी तिथलाच." ती रडायलाच लागली. पदराच्या गाठीत त्या गावाहून आल्याचं एस.टी.चं तिकीट होतं. "कंपौंडरनं सांगितलं, गावाचं नाव घ्यायचं न्हाय. त्यो म्हनला, दोन दिस कळ काढ, हितंच बरं हुईल. कळ काढली की वो मी..."

मूल दुपारी गेलं.

त्या शनिवारी आम्ही डबा उघडला नाही. बशीरभाई कागद समोर घेऊन बसले होते आणि खूण करत नव्हते. मी म्हटलं, "चूक माझी आहे. नाव मी घालायला लावलं." त्यांनी "नाही नाही" म्हणावं अशी माझी फार इच्छा होती, पण ते तसं म्हणाले नाहीत. नंतर दोघंही साहेबांकडं गेलो. खुणा कमी झाल्या त्या आजार कमी झाला म्हणून नव्हे, लेकरं लपवली म्हणून, हे समजावून सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "कारकुनानं कारकुनी करावी आणि सिस्टरनं वॉर्ड बघावा." महिन्याभरात नवे छापील केसपेपर आले. पुढून पाठून चौकटीच चौकटी, चौथ्या प्रश्नाला बोटभरही जागा नाही. दुसरी नर्स काही आली नाही.

तरी हा माणूस विचारत राहिला! लिहायचं कुठंच नाही, पण प्रत्येकाला, ओळ कितीही लांब असली तरी, मुंडी बाहेर काढून, "आधी कुठं गेला होता?" माझा वॉर्ड खोळंबायचा आणि मी भांडायची. "लिहायचं नाही तर विचारता कशाला? ओळ अडते नुसती!" ते म्हणायचे, "किसी ने पूछा, इतकं तरी त्यांना वाटू दे, सिस्टर." मला ते पटलं नाही. नुसतं विचारून कुणाचं मूल वाचतं? अशी चार वर्षं आम्ही भांडलो, आणि भांडण मिटायच्या आधीच ते निघून गेले.

परवा मी कागद आणायला पुन्हा त्या खोलीत गेले होते. खिडकीवर आता नवे कारकून आहेत, हात भरभर चालतो त्यांचा. समोर एक बाई, कडेवर मूल. नाव, वय. गाव विचारल्यावर ती अडखळली. मग म्हणाली, "भवानी पेठ." कागद हातात मिळाला तरी जागची हलेना.

"सरका पुढं," कारकून म्हणाले.

"फुडचं इचारा की."

"पुढचं काय?"

"आदी कुटं गेल्तीस म्हून. ते म्हातारं इचारायचं की. थोरल्याच्या येळी मला इचारलं व्हतं." आणि कुणी न विचारताच सांगायला लागली, "दवाखान्याला कुलूप हाय. काल बी व्हतं, आज बी हाय. लिवा."

कारकुनांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना उठवलं आणि त्यांच्या खुर्चीत बसले. कापलेल्या गजाच्या जागेतून डोकं बाहेर काढलं. मुलाचे डोळे ठीक होते, जीभ ओली होती. वेळेवर आणलं होतं बाईनं. "गाव खरं सांगा," मी म्हटलं. तिनं सांगितलं. तेच गाव. चौकटींवरून आडवं, ठसठशीत लिहिलं सगळं, कुलूपसुद्धा. तिला वाचता येत नव्हतं, तरी कागद नीट निरखून तिनं विचारलं, "मंग आता नर्सबाई येतील का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, ओळ अडली की!"

"अडू दे," मी म्हटलं, आणि पुढचा कागद ओढला. "तुम्ही या. आधी कुठं गेला होता?"