निळा थेंब

"मॅडम, ब्लीडिंग थांबलंय. टाके घाला आता. मला यवतला पुढची केस आहे," भूलतज्ज्ञ म्हणाले.

शेवंताबाईंचं गर्भाशय काढून झालं होतं. तरी मी थांबले. त्यांची दोन्ही बाळंतपणं सीझरची. अशा पोटात मूत्राशय गर्भाशयाला घट्ट चिकटून बसतं. बोळ्यानं ढकललं तर फाटतं, म्हणून मी ते कात्रीनं सावकाश सोडवलं होतं. वरून सगळं ठीक दिसत होतं.

"डाय टेस्ट करू."

"लीक तर दिसत नाहीये."

"म्हणूनच करायची."

शिरूरच्या माझ्या लहानशा हॉस्पिटलात सर्जन मी एकटीच. तुला काय वाटतं, असं विचारायला टेबलापलीकडे कुणी नसतं. सिस्टरनं कॅथेटरमधून, म्हणजे लघवीच्या नळीतून, निळं पाणी मूत्राशयात सोडलं. बराच वेळ काही नाही. मग मागच्या बाजूला एक निळा थेंब उमटला.

भूलतज्ज्ञांनी यवतला फोन लावायला सांगितला. "उशीर होईल म्हणावं," ते म्हणाले.

मूत्राशयाला पडलेलं ते बारीक भोक दोन थरांत शिवलं. पुन्हा निळं पाणी भरलं. थेंब आला नाही. हे भोक तसंच राहिलं असतं, तर काही दिवसांत लघवी आपोआप गळू लागली असती, झोपेतसुद्धा. अशा बाईला मग कुणी शेजारी बसवून घेत नाही.

आता दोन आठवडे नळी ठेवायची. मूत्राशय रिकामं राहिलं की टाक्यांवर ताण येत नाही. शेवंताबाईंना मी सगळं सांगितलं, भोकासकट. त्या वरवंडच्या. मालक वारलेले, मुली लांब दिलेल्या. नणंद सही करून गेली ती परत फिरकली नाही.

दुसरा आठवडा लागायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मॅडम, ही नळी काढा. मी जाते."

"नळी काढली तर शिवण उसवेल. हवं तर बॅगेसकट घरी जा."

"बॅग घिऊन यष्टीत कशी बसू? आन् घरी बघायला कोन हाय?"

"मग इथंच राहा."

"हितं तरी कोन हाय?"

माझं घर हॉस्पिटलच्याच वरच्या मजल्यावर. आमचे हे गेल्यापासून तिथंही एकच कप विसळला जायचा. त्या संध्याकाळी मी दोन कप चहा घेऊन खाली आले. मग रोजच आले. फार बोलणं व्हायचं नाही. त्या कांद्याच्या रोपांची काळजी करायच्या, मी ऐकायचे. नळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नळी काढली त्या दिवशी त्या स्वतः बाथरूमला जाऊन आल्या. दुपारी झोपल्या. उठल्यावर आधी चादर चाचपली, मग माझा हात धरला.

"कोरडं हाय वो, मॅडम."

एकदा त्या तपासणीला आल्या. सगळं उत्तम होतं. त्यानंतर आल्या नाहीत.

नव्या डॉक्टरांना मी सांगते, शंका असो-नसो, चिकटलेलं मूत्राशय तपासल्याशिवाय पोट बंद करू नका. काम नीट झालं की पेशंट परत येत नाही, हे त्यांचं त्यांना कळेल.