कपाळावरचा अंगठा

आमच्या कॉलेजात पदवी हातात पडायच्या आदल्या दिवशी प्राचार्य फादर विद्यार्थ्यांचे पाय धूत असत. सगळ्यांचे नव्हे, निवडक बाराजणांचे, येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे. कमरेला टॉवेल बांधून, चांगले गुडघे टेकून. पुढारी व्हायचं असेल तर आधी खाली बसायला शिका, असं त्यातून सांगायचं असे. माझ्या वर्षी त्या बाराजणांत मी होते. बाकीच्यांचे डोळे भरून आले. मला मात्र आपली नखं कापलेली आहेत ना, याचीच धास्ती. मी पहिल्यापासून अशीच. कुत्रा, तोंडी परीक्षा, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, मी कशालाही घाबरते. अशा मुलीने सेवेचं व्रत घ्यायचं म्हणजे विनोदच होता, पण एकदा पाय धुऊन घेतल्यावर नाही म्हणायची सोय उरत नाही.

तर पदवीनंतरची दोन वर्षं सेवेला द्यायची असं मी आणि माझ्या वर्गमैत्रिणीने ठरवलं. मी मरोळच्या गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच प्रार्थना म्हणणाऱ्या ख्रिस्ती घरातली. ती कांदिवलीची, घरी देव्हारा, गौरी-गणपती, सगळं साग्रसंगीत. स्वभावाने माझ्या बरोब्बर उलटी. समोर कोणीही असो, ही आपली ताठ. मानखुर्दच्या एका गल्लीत आम्ही खोली भाड्याने घेतली आणि दहावीच्या मुलींचा फुकट क्लास सुरू केला. देवाधर्माचं तिथे काही नव्हतं. भिंतीवर नकाशा होता आणि रासायनिक सूत्रांचा तक्ता.

परीक्षा जवळ आली तशी आम्ही एक पद्धत पाडली. मुलींची घरं एवढीएवढीशी, त्यात धाकटी भावंडं हाताला लागेल त्याच्या होड्या करणार. म्हणून सगळ्यांची हॉल तिकिटं आमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवायची. पेपरच्या सकाळी न्यायची, पेपर झाला की परत आणून द्यायची. ही शक्कल माझी. मला तिचा फार अभिमान होता.

मुलींमध्ये एक होती हुशार आणि भेदरट. म्हणजे अर्धी माझ्यासारखी, म्हणून माझा तिच्यावर जास्त जीव. तिचे वडील टेंपो चालवायचे. सरळ माणूस, शब्दाचा पक्का. पोरगी दहावी पास झाली तर कॉलेज, नाही तर गावी आत्याकडे, असं त्यांनी आमच्यासमोर सांगितलं होतं. आत्याने मुलगाही बघून ठेवला होता. एखादा पेपर जरी बुडला असता तरी तिचं पुढचं सगळं गावी ठरलं असतं.

पहिला पेपर शनिवारी होता. केंद्राच्या फाटकाबाहेर ही गर्दी. ती माझ्यासमोर उभी होती, ओठ पांढरे पडलेले, हात गार. ‘टीचर, मला काहीच आठवत नाय,’ म्हणाली. मी काय बोलले ते मलाही आठवत नाही, पण काय केलं ते अख्ख्या गल्लीने पाहिलं. मी अंगठ्याने तिच्या कपाळावर छोटा क्रूस काढला.

हे आमच्याकडे कोणी ठरवून करत नाही. मूल झोपायला निघालं, शाळेला निघालं, तापाने फणफणलं, की आईचा अंगठा कपाळाकडे जातोच. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, झालं. माझ्या आईने मी कॉलेजच्या तोंडी परीक्षेला निघाले तेव्हाही केलं होतं, बसस्टॉपवर, चारचौघांत. ठेच लागली की ‘आई गं’ म्हणतो, इतकं ते नकळत होतं. अंगठा उचलल्यावरच मला कळलं की हे कपाळ आमच्या घरातलं नाही. मान वळवली तर कोणीतरी मोबाइल धरून उभं होतं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर फिरला. खाली लिहिलं होतं, क्लासच्या नावाखाली पोरी बाटवतात. घरमालकाचा फोन आला. ‘मॅडम, मला लफडं नको. खोलीला माझं कुलूप लावलंय. तुमचं सामान नंतर बघू.’ मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले. खरंच ओकले. मग एकदम आठवलं की पेपर सुटल्यावर मुली नेमाने तिकिटं परत ठेवून गेल्या होत्या. सगळी तिकिटं त्या कुलपाआड, आणि सोमवारी दुसरा पेपर. मध्ये रविवार, म्हणजे दुसरं तिकीट काढून द्यायला शाळाही उघडी नाही.

मी प्राचार्य फादरांना फोन लावला. मला वाटलं, ते धीर देतील, निदान सोबत येतो म्हणतील. ते म्हणाले, ‘पोरी, तिकडे जाऊ नकोस. आणि कोणी विचारलं तर कॉलेजचं नाव घेऊ नकोस.’ मला राग यायला हवा होता. पण त्यांचा आवाज माझ्याइतकाच कापत होता, आणि कापणाऱ्या म्हाताऱ्यावर रागावता येत नाही. पोलिसांत जायचं का यावरून मैत्रिणीशी माझं कडकडून वाजलं. ती जाऊ म्हणत होती. मी म्हणत होते, पोलीस गल्लीत आले की आधी मुलींचीच नावं विचारणार, मग कुठला बाप पोरीला पेपरला पाठवेल? शेवटी ती म्हणाली, ‘बरं, मग आपणच जाऊ. नाही तर पोरींची वाट लागली यार.’ आणि तिने घरमालकाला उद्या तिकिटं न्यायला येतो असं कळवून टाकलं.

रविवारी मी चर्चमध्ये मिस्साला गेलेच नाही. कपडे करून निघाले तर आई दारात. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण तोंडावरून तिने ओळखलं असणार. ‘बाय, जरा थांब,’ म्हणाली आणि तिचा अंगठा पुढे आला. मी डोकं मागे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. आईचा हात तसाच राहिला आणि मी जिना उतरले. असं का केलं? कपाळावर काही दिसणार थोडंच होतं! पण भीतीला इतकं कळत नाही.

रिक्षात मैत्रिणीने मला पढवलं. ‘हे बघ, तू घाम पुसत होतीस. बास. पोरगी घामाघूम झाली होती, तू घाम पुसलास. क्रूसबिस काही नाही.’

‘व्हिडिओत दिसतंय गं.’

‘अंगठाच दिसतोय ना? अंगठ्याने घाम पुसू नये असा कायदा आहे का?’

तिचं बोलणं मला पटलं. सगळ्या रस्त्याने मी मनातल्या मनात तेच घोकत होते. घाम पुसत होते, घाम पुसत होते. पाय इतके लटपटत होते की रिक्षातून उतरताना मी तिचा दंड धरला.

गल्लीत आमच्या खोलीसमोर पाच-सहा माणसं होती. दोघं ओळखीची, बाकीची कधी न पाहिलेली. घरमालक पायरीवर बसला होता, आमच्याकडे न बघता. आणि कडेला उभे होते त्या मुलीचे वडील. ती त्यांच्या मागे. तिला साक्षीला आणलं होतं, हे मला बघताच कळलं.

‘काय गं, पोरीच्या कपाळावर काय काढलंस?’ अनोळख्यांपैकी एकजण म्हणाला. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.

मैत्रीण पुढे झाली. ‘नीट बोला. आम्ही तिकिटं न्यायला आलोय. उद्या मुलींचा पेपर आहे.’

‘तुला नाय विचारलं. हिला विचारलं.’

मी तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. पण आवाजच फुटेना. सगळे माझ्याकडे बघत होते. एकाने पुन्हा मोबाइल वर धरला. मी उभी होते आणि मनात एकच, हे आता मारणार. मुली, तिकिटं, गावची आत्या, खरं सांगते, त्या क्षणी मला कुणीही आठवलं नाही.

‘घाम पुसला टीचरने,’ मुलगी म्हणाली.

वर्गात तिचं उत्तर ऐकायला आम्हाला तिच्या बाकापाशी जावं लागे. तिथे ती असं बोलली की पलीकडच्या नळावरच्या बायका वळल्या. ‘मला घाम आला होता. टीचरने पुसला. दुसरं काय पण नाय केलं.’

तो माणूस हसला. ‘तुझ्या बापासमोर सांग.’

ती वडिलांकडे वळली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून तेच पुन्हा म्हणाली, एक शब्द न बदलता. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मोठ्याने म्हणाले, ‘ऐकलं ना? घाम पुसला. बाप मी आहे, मला पटलं. कुलूप काढा.’

थोडी कुरकुर झाली, पण बापच पटलं म्हणतोय तिथे बाकीच्यांना धरून बसायला काही उरलं नाही. घरमालकाने लगबगीने किल्ली काढली. तिकिटांचा गठ्ठा वडिलांनी स्वतःच्या हातात घेतला. मुलीला घरी पाठवलं आणि आम्हाला हमरस्त्यापर्यंत सोडायला आले. मैत्रीण रिक्षा बघायला पुढे गेली तेव्हा ते माझ्याजवळ थांबले.

‘टीचर, काल मी तिथंच होतो. गेटच्या बाजूला. तुम्ही काय केलं ते मी बघितलं. मला त्यात वाईट नाय वाटलं. माझी आई पण अंगारा लावायची, तसंच वाटलं.’

मी ‘सॉरी’ असं काहीतरी पुटपुटले.

‘मी तिथं होतो, हे पोरीला पण माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘मला बघूनच आत गेली ती. मी आजवर मारलं, ओरडलो, पण माझ्यासमोर ती कधी खोटं बोलली नव्हती. आज बोलली. तुम्ही गप्प उभ्या होत्या म्हणून बोलली.’

त्यांनी हातातला गठ्ठा खिशात घातला.

‘तिकिटं मी वाटतो. सगळ्या पोरींना पेपरला मीच नेतो टेंपोतून. कॉलेजचा शब्द दिलाय, तो मोडणार नाय. पण तुम्ही परत या बाजूला येऊ नका.’

मला रडू यायला हवं होतं. मुलींचं नुकसान टळलं म्हणून, नाही तर क्लास गेला म्हणून, कशानेही. मी ‘बरं’ म्हणाले. आणि परत यायचं नाही हे ऐकताच माझ्या पायांची थरथर थांबली. मला इतकं हायसं वाटलं की भर रस्त्यात हसू येईल की काय, याची भीती वाटली.