लस्सीभियाचा सीझन

गॅरेजात बसणाऱ्या माणसांकडे काम कमी आणि किस्से जास्त असतात. आमच्या वसंतरावांच्या गॅरेजात तर एका वर्षात इतके किस्से जमले, की पुढे कित्येक वर्षं काही घडलं नाही तरी आमचं भागलं! तसे ते हसण्यासारखे नाहीत. पण सांगताना आम्ही हसतो. रडायचंच म्हटलं तर सुरुवात कुठून करणार?

गॅरेज पलासियाला, आग्रा-मुंबई रस्त्याला लागून. नवा मध्य प्रदेश झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती आणि इंदूरात आमच्यासारखे लोक संध्याकाळी मोकळेच असायचे. गॅरेजचे मालक वसंतराव शेळके. त्यांचे आजोबा संस्थानी घोडदळात होते, त्यामुळे वसंतराव मोटरसायकलवरही लगाम धरल्यासारखे बसायचे. नाना पुराणिक हायस्कुलात भूगोल शिकवायचे. मी सरकारी हपीसात कारकून.

त्या उन्हाळ्यात आमच्यात चौथा आला.

*

एक ट्रक एका मोडक्या व्हॅनला दोरानं ओढत गॅरेजसमोर थांबला. देवासजवळ व्हॅन म्हशीवर आदळली होती. म्हैस उठून चालती झाली, व्हॅन मात्र नाही! आतून एक उंचच उंच गोरा उतरला, उन्हानं कान लालभडक झालेले. मागे रेसची मोटरसायकल, आडवी पडलेली.

तो फिनलंडचा. घरून जमिनीच्या रस्त्यानं इतके देश ओलांडून इथवर आला होता. मुंबईहून जहाज पकडायचं, मग सिंगापूर, मलाया आणि शेवटी जपान, असा अख्खा सीझन रेसिंग करायचं. मागे कुठली कंपनी नाही. स्वतःच मालक, स्वतःच मेकॅनिक, स्वतःच रायडर.

वसंतरावांनी नाव विचारलं.

"लासे."

"लस्सी?"

"लासे."

"हां, वोही तो! या, लस्सीभिया, बसा!"

इंदूरात सगळेच भिया, म्हणजे भाऊ. त्यानं दोनदा नाही म्हणून मान हलवली, मग सोडून दिलं. त्या सीझनमधली ती त्याची पहिली हार!

*

व्हॅन वसंतरावांनी ठोकून-ठाकून उभी केली. पण मोटरसायकलच्या इंजिनाचं खालचं कवच, ते अल्युमिनियमचं असतं, दोन अर्ध्यांचं, त्याच्या उजव्या अर्ध्याला तडा गेला होता. इथे मिळणं शक्यच नव्हतं. विलायतेला तार केली. मुंबईचं जहाज निघून गेलं.

सिंगापूरच्या रेसच्या दिवशी लासे अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला आणि टायरवर बसला. नानांनी तिथली वेळ काढून दिली होती. घड्याळ बघत तो म्हणाला, "नाऊ दे पुश." तेव्हा रेसच्या गाड्या ढकलून चालू करायचे.

मग त्यानं डोळे मिटले. उजवी मूठ पिळली जायची, डाव्या हाताची बोटं मिटायची, पाय जमिनीवर दाबला जायचा. वळण आलं की अंग झुकायचं. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो.

इतक्यात एक सायकलवाला आला. "भिया, हवा है क्या?"

लासेनं डोळे उघडले. उठला, पंप घेतला, त्याच्या दोन्ही चाकांत हवा भरून दिली. परत येऊन टायरवर बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "टू प्लेसेस लॉस्ट."

*

विलायतेहून त्या भागाची पेटी काही येईना. नाना म्हणाले, ग्रह बघायला काय हरकत आहे? बडा गणपतीच्या मागे त्यांच्या ओळखीचे एक ज्योतिषी होते. लासेला मांडी घालून बसवलं. त्यानं जन्मवेळ सांगितली, पण फिनलंडची. ती इकडच्या वेळेत बसवताना ज्योतिषीबुवा आणि भूगोलाचे नाना यांची चांगलीच जुंपली!

शेवटी बुवांनी हात बघितला, डोळे मिटले आणि हसले.

"काही काळजी नको! परदेशगमनाचा योग प्रबळ आहे!"

नाना म्हणाले, "बुवा, तो परदेशातच आहे. इथून निघण्याचा योग बघा ना!"

*

पेटी आली तेव्हा मलायाची रेसही होऊन गेली होती. पण जपान बाकी होतं. वसंतरावांनी हार आणला, नारळ आणला. सुमनवहिनी, म्हणजे वसंतरावांच्या मिसेस, जुनी इंदूर भागातल्या घरून टांग्यानं पेढे घेऊन आल्या. लासे त्यांच्याच घरी राहायचा. वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, पण दोघांच्या गप्पा दिवसभर चालायच्या.

नारळ फुटला, पेटी उघडली, गवत उपसलं. लासेनं दोन्ही हातांनी आतली वस्तू बाहेर काढली, तेलकट कागद सोडवला आणि मोडक्या तुकड्याशेजारी ठेवली.



उजवी बाजू तुटली होती. डावी आली होती!

वहिनींनी आमच्या तोंडांकडे बघितलं आणि विचारलं, "पेढे देऊ की राहू देत?"

लासेनं पहिला पेढा उचलला.

*

पुन्हा मागवून जपान गाठणं शक्य नव्हतं. तो दिवसभर त्या डाव्या अर्ध्याकडे बघत बसायचा. वसंतरावांना बघवेना. त्यांनी आपली जुनी, बैलासारखी जड मोटरसायकल काढली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. "जा भिया, महूपर्यंत फिरून ये. हवा लागेल जरा." आणि सोबत म्हणून स्वतः मागे बसले.

दोघं परत आले तेव्हा वसंतरावांचा फेटा गळ्यात होता. ते उतरले, दोन पावलं चालले आणि रस्त्यावर बसून जमिनीला हात लावला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आजोबा सांगायचे, घोडा चौखूर सुटला की माणसाला देव दिसतो. मी आज दर वळणावर बघितला. तोही तिरका!"

लासे हसत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग हसता हसता त्यानं हँडलवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ वर उचललंच नाही.

*

जपानच्या रेसच्या दिवशी तो एका स्कूटरचं पंक्चर काढत होता.

नाना हळूच म्हणाले, "लासे, टुडे इज जपान."

"इज इट?" तो म्हणाला, आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला.

हा किस्सा आम्ही फारसा सांगत नाही.

*

सीझन संपला. लासेनं घरी परतायचं ठरवलं. वहिनींनी व्हॅनमधलं सगळं उपसलं. "पोरगं एवढ्या लांब जाणार, मळके कपडे घेऊन जाईल काय? तिकडे त्याची आई काय म्हणेल?" चादरी, शर्ट, मोजे, सगळं धुऊन निघालं. तळाशी एक कॅनव्हासची थैली होती. तिच्यात काळा चामड्याचा रेसचा सूट होता. त्याच्या मानेपासून खांद्यापर्यंत मोठा, वाळून कडक झालेला तपकिरी डाग.

वहिनींना वाटलं, ऑइल असेल. रिठ्याच्या पाण्यानं घासला, मऊ ब्रशनं घासला, सावलीत वाळवला, वरून पॉलिश केलं. आम्ही निरोप द्यायला गेलो तेव्हा सूट अंगणात दोरीवर लटकत होता आणि वहिनींचा चेहरा नुसता फुलला होता.

"काय अवतार होता हो त्याचा! आता बघा!"

लासे बाहेर आला आणि पायरीवरच थांबला.

"इथे एवढा मोठा डाग होता," वहिनी त्याला खांदा दाखवत म्हणाल्या. "निघता निघेना. पण मी सोडते काय!"

तो दोरीजवळ गेला. सुटाच्या खांद्यावर त्यानं तळहात ठेवला. मग आमच्याकडे न बघताच इंग्रजीत सांगितलं, की हा सूट त्याचा नाही. मात्तीचा आहे, त्याच्या मित्राचा. मागच्या सीझनला ते दोघं मिळून रेसिंग करत होते, ह्याच व्हॅनमध्ये राहायचे. शेवटच्या रेसमध्ये, पावसात, मात्ती...

नानांनी वहिनींना काही सांगितलं नाही. वसंतराव दुसरीकडे बघू लागले.

वहिनी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणतोय तो? राहिलाय का कुठे? नीट बघ रे बाबा. गेला ना सगळा?"

एवढं मराठी आता त्याला कळत होतं. त्यानं वाकून बाही नाकाशी नेली. रिठ्याचा वास येत होता. मग वळून वहिनींचे दोन्ही हात हातात घेतले.

"गेला, वैनी," तो म्हणाला. "गेला."