भेंडीचं फूल आणि साडेआठची मीटिंग

गाढे मॅडमना सकाळी कुणी बोललेलं खपत नसे. जालन्याजवळच्या आमच्या बियाणे कंपनीच्या शेतावर त्या उजाडताच यायच्या, साडीवर पुरुषी शर्ट चढवायच्या आणि भेंडीच्या सरीत शिरायच्या. मी त्यांच्या हाताखाली नवा. पहिल्याच दिवशी मोठ्यानं 'गुड मॉर्निंग' ठोकलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "जाधव, मी इचार करून राह्यले. दुपारी बोला."

मॅडम केदारखेड्याच्या. डॉक्टरेट झाली तरी बोली गावाकडचीच. भेंडीवर केवडा रोग पडला की पानं पिवळी पडतात, पीक हातचं जातं. एका जंगली भेंडीला मात्र केवडा शिवत नाही. तिचे परागकण आपल्या भेंडीला लावून केवडा न पडणारं वाण काढायचं, हाच बाईंचा ध्यास. त्यासाठी संध्याकाळी आपल्या भेंडीच्या कळीतले पुंकेसर काढून तिला कागदी टोपी घालायची आणि सकाळी आठ-साडेआठला फूल उमललं की पराग लावायचा. ऊन चढलं की खेळ खलास. त्यात ते जंगली झाड महालहरी, वर्षातून थोडेच दिवस फुलायचं.

नेमकं ते फुललं आणि नवे साहेब आले. रोज साडेआठला मीटिंग, आणि विषय काय, तर नव्या वाणांना उशीर का होतो! आता हसावं की रडावं?

"सर, फूल थांबत न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"मजुरांकडून करून घ्या."

"जंगली झाडाला रोज चार-दोनच फुलं येतात. एक चुकलं तर दुसरं कुठून आणू?"

"दहाच मिनिटं, मॅडम."

त्या दहा मिनिटांत दुपार व्हायची. मॅडम बाहेर येऊन वाया गेलेल्या कळ्यांच्या टोप्या गोळा करायच्या आणि संध्याकाळी पुन्हा नव्या कळ्या तयार करायच्या. "येळ जातो त्याचं एक," मला म्हणाल्या, "पण तिथून उठलं की डोकंच चालंना. सकाळी काय सुचलं होतं तेच आठवत न्हाई."

शेवटी जंगली झाडावर एका फांदीचीच फुलं उरली. त्या सकाळी साहेब पडद्यावर तक्ते दाखवत होते आणि मॅडम खिडकीतून उन्हाकडे बघत होत्या. तेवढ्यात त्या उठल्याच.

"आत्ता गेलात तर उद्या यायची गरज नाही," साहेब म्हणाले.

घर बाईंच्या पगारावर चाललेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"उद्याचं उद्या बघू, सर."

मीही अर्धवट उठलो, तर त्यांनी माझा खांदा दाबला. "बसा तुम्ही. दोघं गेलो तर झाडाला पाणी कोण देईल?"

दुसऱ्या दिवशी त्यांना फाटकातून आत सोडलं नाही. पण त्या सकाळी त्यांनी पराग लावलेल्या फुलांना शेंगा धरल्या. ते बी पुढच्या हंगामात मी पेरलं, शेजारी केवडा हमखास पडणारी भेंडी मुद्दाम लावली आणि महिन्या-दीड महिन्यानं मॅडमना फोन केला.

"मॅडम, आपली भेंडी हिरवीगार आहे."

"शेजारची पिवळी पडली का? केवडा आलाच नसंल तर आपल्या हिरव्याला काय अर्थ हाय?"

"आलाय. शेजारची सगळी पिवळी पडलीय."

"बराबर बघितलं?"

"अगदी नीट, मॅडम."

फोनवर हुंदका ऐकू आला, मॅडम रडत होत्या. नोकरी गेली तेव्हा न रडलेली बाई!

"जाधव, मला एकदा आत सोडतील का? बघते अन् लगेच जाते."

मी तसाच पळत ऑफिसात विचारायला गेलो. साहेब मीटिंगमध्ये होते.